जिन्नस, तपशील, ठावठिकाणा

मार्च-एप्रिलच्या सुमारास वसमतच्या मोंढ्यात शिरले म्हणजे हळदीच्या गोण्यांच्या थप्प्या, त्यांच्यावरून उडणारा पिवळा धुरळा आणि हमालांच्या पाठीपासून मुनीमजींच्या चष्म्यापर्यंत सर्वत्र बसलेला त्याचा थर, ह्यांतून वाट काढीत पुढे जावे लागते. आणि ह्या साऱ्या गलबल्यात एखादी गोणी कोणाची, कोणत्या गावची, किती वजनाची, कोणत्या भावाने व कोणाला गेली, असे कोणी विचारले, तर आडत्याच्या वहीतून नि काटापट्टीवरून त्याचे उत्तर घटकाभरात निघते. कुरुंद्याची गोणी गिरगावच्या नावावर चढत नाही. २०२४ साली वसमतच्या हळदीला भौगोलिक मानांकन मिळाले, त्याचा कायदेशीर अर्थही एवढाच की हा जिन्नस ह्या मातीचा आहे, ही गोष्ट आता गावकऱ्यांच्या अभिमानावर सोडलेली नसून रीतसर दप्तरी दाखल झाली आहे.

मराठवाड्यातील कोणत्याही जुन्या गावी, वेशीपाशी किंवा मारुतीच्या पारालगत, कमरेपर्यंत जमिनीत गेलेला एखादा वीरगळ हमखास आढळतो. तळच्या चौकटीत ढाल-तलवार घेऊन झुंजणारा व पडलेला वीर, तिच्यावर त्याला हात धरून वर नेणाऱ्या अप्सरा, सर्वांत वर शिवलिंगापुढे हात जोडून बसलेला तोच पुरुष, आणि माथ्याशी चंद्रसूर्य, अशी ती दगडात कोरलेली कैफियत शेंदराच्या नि चुन्याच्या पुटांखाली अर्धीमुर्धी वाचता येते. हा दगड मूळचा येथलाच की रस्तारुंदीत दुसरीकडून आणून टेकवलेला, त्याच्या बाजूला आणखी किती होते, त्यांतले कोणत्या घराच्या जोत्यात गेले, ह्याविषयी मात्र कोठेही ओळभर लिखाण नसते. ज्याचे आयुष्य दोन हंगामांचेही नाही, त्या गोणीला नाव-गाव आहे. आणि ज्याने सातशे-आठशे पावसाळे काढले, तो दगड बेवारस आहे. लहान संग्रहालयांनी आपले संग्रह महाजालावर आणावेत, ह्या हल्ली वारंवार ऐकू येणाऱ्या सूचनेचा विचार करू लागलो की मला ह्या विसंगतीपासूनच आरंभ करावासा वाटतो. कारण छायाचित्रे काढून ती संकेतस्थळावर चढविणे हा ह्या कामाचा शेवटचा आणि सर्वांत सोपा टप्पा असून, त्याच्या अलीकडे जे पसरलेले आहे ते सगळे दप्तराचे, म्हणजे नोंदीचे, काम आहे.

वसमतला सरकारी वस्तुसंग्रहालय नाही. राज्याच्या पुरातत्त्व व वस्तुसंग्रहालये संचालनालयाची जी प्रादेशिक संग्रहालये आहेत, त्यांतली मराठवाड्यातील म्हणजे छत्रपती संभाजीनगरचे सोनेरी महालातील, पैठणचे, तेरचे आणि माहूरचे; हिंगोली जिल्ह्याच्या वाट्याला ह्यांतले एकही आलेले नाही. परंतु संग्रहालय नाही म्हणजे संग्रह नाही, असे समजणे चूक होईल. औंढ्याच्या नागनाथाचे शिल्पांनी मढलेले मंदिर ज्या भूभागात उभे राहिले, त्या भूभागात त्या काळचे कोरीव दगड एकाच मंदिरापुरते थांबलेले नाहीत. शिरड शहापूरच्या जैन मंदिरासारखी क्षेत्रे आहेत, दर्गे आहेत, मठ आहेत, गुरू गोविंदसिंगांच्या मुक्कामाची स्मृती जपणारा वसमतचा गुरुद्वारा आहे. देशमुख-देशपांड्यांच्या वाड्यांतून पडवीतल्या पेट्यांत सनदा, इनामपत्रे, हिशेबाच्या वह्या पडून आहेत, आणि ज्यांच्या घरी सनद असण्याचे कारण नव्हते, त्यांच्या घरी उतरंड, जाते, पायली-अधोलीची मापे, मोटेचे चाक हे सारे आहे. हा सर्व विखुरलेला ऐवज म्हणजेच ह्या भागाचे संग्रहालय. त्याला फक्त छप्पर नाही आणि फेरिस्त, म्हणजे यादी, नाही.

ह्यांत आणखी एक गुंतागुंत राज्यकारभाराने घातलेली आहे. वसमत हा निजामाच्या अमदानीत परभणी जिल्ह्याचा तालुका. १७ सप्टेंबर १९४८ रोजी हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाडा द्वैभाषिक मुंबई राज्यात आला. १ मे १९६० ला महाराष्ट्र झाला. आणि १ मे १९९९ ला परभणीतून हिंगोली जिल्हा निराळा निघाला. माणसे जागची हलली नाहीत, परंतु त्यांचे कागद प्रत्येक खेपेला हलले, किंवा जेथे होते तेथे राहून परमुलखातले झाले. औरंगाबादच्या किल्ले अर्कमध्ये शहाजहान-औरंगजेबांच्या वेळचे जे मोगली दप्तर पडून होते, ते १९१६ साली हैदराबादला नेण्यात आले आणि आज ते तेलंगणाच्या अभिलेखागारात आहे. त्याच सुमारास, म्हणजे १९१४ साली, निजाम सरकारने पुरातत्त्व खाते काढून गुलाम यझदानी ह्या विद्वानाकडे सोपविले. अजिंठ्यावरील त्यांच्या ग्रंथमालेची थोरवी कोणी नाकारणार नाही. पण राजधानी हैदराबाद, म्हणून संग्रहालयही हैदराबादेस, ही त्या व्यवस्थेची स्वाभाविक परिणती होती. तेव्हा वसमतच्या एखाद्या जिज्ञासू विद्यार्थ्याने आपल्या परगण्याचा भूतकाळ शोधावयाचा म्हटले, तर त्याला हैदराबाद, संभाजीनगर, मुंबई अशी तीन-चार शहरे पालथी घालावी लागतील, आणि तेथेही फारसी शिकस्ता लिपी, उर्दू नि मोडी ह्यांच्या तटबंद्या त्याच्या स्वागतास उभ्याच असतील. महाजालाचा उपयोग जर कोणाला सर्वाधिक असेल, तर तो मुंबईच्या रसिकाला नव्हे, ह्या विद्यार्थ्याला आहे.

लहान संग्रहालय म्हणजे काय, ते कसे जन्मते आणि कोठे अडते, हे पाहण्यास मराठवाड्यात तेरसारखे दुसरे स्थळ नाही. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर, हे फ्लीट ह्यांनी १९०१ साली मांडले. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक नाविकाच्या प्रवासवृत्तात भडोचच्या बंदरापासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर पैठण, आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, अशी नोंद असून, तगरहून जाडेभरडे कापड नि तलम वस्त्रे गाड्यांतून भडोचला जात, असे त्यात म्हटले आहे. पुढे हेन्री कझिन्स येऊन पाहून गेले. १९५८ साली चापेकरांनी उत्खनन केले. परंतु ह्या पंडितांच्या येण्याजाण्याच्या मधल्या काळात गावची पांढरी दर पावसाळ्यात धुपत होती, आणि तिच्यातून वाहून वर येणारे मणी, मृण्मूर्ती, नाणी, शंखाच्या बांगड्यांचे तुकडे, हस्तिदंती कोरीव काम हे सारे वेचून ठेवणारा मनुष्य गावातलाच होता. रामलिंगप्पा लामतुरे ह्यांनी कोणतीही पदवी वा पगार नसताना आयुष्यभर हा संग्रह केला. तो पुढे शासनाच्या स्वाधीन झाला, आणि आज त्यांच्याच नावाने तेथे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे आहे. त्यातील वस्तूंची संख्या वीस हजारांवर सांगतात. उत्तरेश्वराच्या मंदिराची कोरीव लाकडी द्वारचौकट तेथे आहे. आणि तेरची हस्तिदंती स्त्रीमूर्ती तर अशी, की तिच्या गोत्राची एक मूर्ती भोकरदनला मिळाली आणि दुसरी १९३८ साली थेट इटलीतील पाँपेईच्या राखेतून निघाली.

येथे थोडे थांबले पाहिजे. पाँपेईची ती मूर्ती नेपल्सच्या संग्रहालयात आहे. तिची छायाचित्रे, मोजमापे, ती कोणत्या घरात सापडली ह्याचा तपशील, तिच्यावरचे लेख, हे सर्व घरबसल्या पाहावयास मिळते. तेरच्या मूर्तीविषयी तेवढ्याच सहजतेने काय मिळते, हे वाचकांनी स्वतःच आपल्या दूरध्वनीवर शोधून पाहावे. दोघी बहिणींपैकी परदेशी गेलेली जगाला ठाऊक झाली, आणि माहेरी राहिलेलीची चौकशी तज्ज्ञांपुरती उरली. ह्याला तेरच्या संग्रहालयातील कर्मचाऱ्यांची अनास्था कारण आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. थोड्या मनुष्यबळावर कुलपे उघडणे, सहली सांभाळणे, छताची गळती नि वाळवी पाहणे, वरिष्ठ कार्यालयाच्या पत्रांस उत्तरे देणे, हे सर्व करून उरलेल्या वेळात वीस हजार वस्तूंची वर्णने लिहावीत, ही अपेक्षा ज्यांनी कधी दहा वस्तूंची वर्णने लिहिलेली नाहीत तेच करू शकतात.

संग्राहकाच्या हयातीत एक गोष्ट लपून राहते. त्याला प्रत्येक मणी कोणी, केव्हा, कोणत्या टेकाडाच्या कोणत्या बाजूस वेचला हे तोंडपाठ असते. त्याच्या दृष्टीने यादी करणे ही उपाधीच. पैठणच्या बाळासाहेब पाटलांचा संग्रह असो, पुण्याचे दिनकर केळकर असोत, ही माणसे म्हणजेच त्या संग्रहांची चालती सूची होती. केळकरांनी १९२०च्या आसपास आरंभ करून गावोगाव हिंडत लामणदिवे, अडकित्ते, दौती, वज्र्या, वाद्ये अशी घरगुती सौंदर्याची दौलत जमविली, अकाली गेलेल्या मुलाचे नाव तिला दिले, आणि १९७५ साली ती सरकारच्या हवाली केली. असा मनुष्य गेला म्हणजे वस्तू जागच्या जागी राहतात, कपाटे राहतात, काचेवरची धूळही राहते. नाहीसे होते ते त्यांचे मूळ ठिकाण. आणि ठिकाण गेलेली पुरावस्तू सुंदर असू शकते, परंतु ती साक्षीदार राहत नाही. तेरच्या एका विवक्षित खड्ड्यातून निघालेला मद्यकुंभाचा तुकडा रोमशी झालेल्या व्यापाराविषयी काही सांगू शकतो. ‘मराठवाडा, प्राचीन’ एवढी चिठ्ठी लावलेला तोच तुकडा फक्त खापर असतो.

आता सरकारी प्रयत्नांकडे वळू. पुण्याच्या सी-डॅक ह्या संस्थेने संग्रहालयांसाठी ‘जतन’ नावाची संगणकप्रणाली तयार केली, आणि तिच्या आधारे २०१४ साली केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाने भारतीय संग्रहालयांचे राष्ट्रीय संकेतस्थळ सुरू केले. दिल्लीचे राष्ट्रीय संग्रहालय, कोलकात्याचे इंडियन म्युझियम, हैदराबादचे सालारजंग अशी मातब्बर मंडळी आरंभी त्यात आली. प्रणाली उत्तम आहे. परंतु तिच्या रकान्यांत भरावयाचा मजकूर पूर्वीच्या पिढ्यांतील अभिरक्षकांनी वर्षानुवर्षे रजिस्टरांत लिहून ठेवला होता, म्हणून ह्या संग्रहालयांना ती वापरता आली, ही बाजू क्वचितच ध्यानात घेतली जाते. जेथे रजिस्टरच नाही, किंवा आहे पण त्यात ‘मूर्ती, दगडी, भग्न, नग १’ एवढ्यावर भागविलेले आहे, तेथे कोणतीही प्रणाली रिकाम्या रकान्यांचे सुबक पान दाखविण्यापलीकडे काय करणार? मंत्रालयाच्या अनुदान योजनेत वस्तूंच्या अंकीकरणासाठी तरतूद आहे. पण असा पैसा यंत्रे, पडदे नि आभासी सफरी ह्यांच्याकडे फार लवकर वळतो, असे मला वाटते. दालनातून फिरल्याचा भास करून देणारी ती वर्तुळाकार चित्रफीत पाहुण्यांना दाखविण्यास बरी. संशोधकाच्या ती कवडीच्या उपयोगाची नाही, कारण तिच्यात वस्तू दिसते पण वाचता येत नाही.

वाचता येईल अशी नोंद म्हणजे कशी, हे एका साध्या जिन्नसावर दाखवितो. वसमतच्या बाजूला कित्येक जुन्या घरांत हाली सिक्क्याचा चांदीचा रुपया अजून सापडतो. हैदराबादचे हे नाणे विलीनीकरणानंतरही काही वर्षे चालत राहिले होते. ‘निजामाचे नाणे’ असे लिहिले की आपले काम झाले, असे बहुतेकांस वाटते. प्रत्यक्षात ते हातात घेऊन पाहावे. पुढच्या अंगास चारमिनार आहे. त्याच्या मधल्या कमानीत एक फारसी अक्षर बसविलेले आहे. ते ‘मीम’ असेल तर नाणे महबूब अली खानाचे, ‘ऐन’ असेल तर १९११ साली गादीवर आलेल्या उस्मान अली खानाचे. भोवताली निजाम-उल-मुल्क आसफजाह बहादुर हा किताब, महंमद पैगंबरांच्या नावाचा अंक म्हणून ९२, आणि हिजरी सन. मागच्या अंगास मध्यभागी ‘यक रुपिया’, आणि कडेने फर्खुंदा बुनियाद हैदराबाद ही टांकसाळ व राज्यारोहणाचे वर्ष. वजन सुमारे ११ ग्रॅम, व्यास ३० मिलिमीटरच्या आसपास; पण आपल्या हातातल्या नाण्याचे वजन आपणच सराफाच्या काट्यावर करून लिहावे, पुस्तकातले उतरवू नये, कारण झीज किती झाली हे त्यावरूनच कळते. त्याला टाका मारून कडी बसविली असेल तर तेही लिहावे, आणि ते कोणाच्या गळ्यातल्या माळेत होते, ती लेक कोणत्या गावाहून ह्या घरात आली, हेही. ही शेवटची ओळ कोणत्याही नाणकशास्त्राच्या ग्रंथात नसते, ती त्या घरातच मिळते. आणि माझ्या मते ह्या एका ओळीसाठीच तालुक्याच्या गावी नोंदवही असावी.

सनांची गफलत हा तर ह्या मुलखाचा खास रोग आहे. कागदावर ‘सन १३५२’ असे दिसले की उत्साही नोंदकार त्यास हिजरी समजून १९३३-३४ लिहून मोकळा होतो. तो कागद महसुलाचा असेल, आणि महिना आजूर, दय, बहमन असा असेल, तर तो सन फसली होय, आणि निजामी फसलीप्रमाणे १३५२ म्हणजे १९४२-४३. दोहोंत नऊ वर्षांचे अंतर पडते. मधल्या नऊ वर्षांत एका संस्थानात काय काय घडून गेले, हे मराठवाड्याच्या वाचकांस सांगावयास नको. म्हणून नोंदीत कागदावरचा सन जसाच्या तसा एका रकान्यात, व आपण काढलेला इसवी सन शेजारच्या रकान्यात, असे दोन्ही ठेवावेत. आपला हिशेब चुकला तरी पुढच्यास मूळ सापडते. गावाच्या नावांचेही तसेच. वसमत, बसमत, बसमतनगर, वसमतनगर, आणि इंग्रजी लेखनात त्यांची आणखी चार-पाच रूपे. एका रूपाने शोधणाऱ्याला दुसऱ्या रूपाखालचे काही मिळत नाही. नोंदीत सगळी रूपे लिहावीत, आणि जोडीला अक्षांश-रेखांश द्यावेत, जे हल्ली साध्या दूरध्वनीवरही कळतात.

कारागिरीचा भाग त्या मानाने थोडा आहे, पण तो चुकला तर नुकसान भरून येत नाही. पितळ-तांब्याच्या वस्तू छायाचित्रासाठी म्हणून चिंचेने वा लिंबाने घासू नयेत. वर जमलेला काळा-हिरवा थर हाच पुष्कळदा पुरावा असतो. शेंदूर खरवडू नये, तो कोणाच्या तरी श्रद्धेचा आहे. छायाचित्र उत्तरेकडच्या खिडकीच्या मंद उजेडात, करड्या कापडावर, शेजारी मोजपट्टी ठेवून, चारी बाजूंनी नि तळाचेही घ्यावे. त्याला चांगला दूरध्वनी पुरतो. दाखल क्रमांक दगडावर वा धातूवर थेट न लिहिता, आधी पुसता येण्याजोग्या पारदर्शक लाखेचा हात देऊन त्यावर बारीक शाईने लिहावा. कागदावर मऊ शिसपेन्सिलीने. कापडाला सुती फितीवर लिहून ती टाचावी. आणि वस्तूवरचा क्रमांक, वहीतला क्रमांक व छायाचित्राचे नाव ही तिन्ही एकच असावीत. ह्या एका शिस्तीअभावी मोठमोठ्या संस्थांच्या संगणकांत हजारो छायाचित्रे ‘आयएमजी’ ह्या आडनावाखाली अनाथ पडलेली आहेत.

ह्या सगळ्याला गावातून पहिली हरकत येते ती चोरीची. छायाचित्र महाजालावर टाकले की चोराला निमंत्रण दिल्यासारखेच, असे मंदिराचे विश्वस्त म्हणतात, आणि त्यांची भीती अगदीच निराधार नाही. २०२२च्या ऑगस्टमध्ये जालना जिल्ह्यातील जांब समर्थ येथून, खुद्द रामदासांच्या घराण्यातल्या राममंदिरातून, पंचधातूच्या मूर्ती चोरीस गेल्या आणि सारा मराठवाडा हळहळला. पोलिसांनी त्या त्याच वर्षी शोधून काढल्या. ज्या मूर्तीचे मुख सर्वांच्या परिचयाचे असते, ती बाजारात खपविणे कठीण जाते. तामिळनाडूतील श्रीपुरंदान येथील नटराज चोरट्या व्यापारातून ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय कलादालनापर्यंत पोहोचला होता. पुदुच्चेरीच्या फ्रेंच संस्थेने नव्वदीच्या दशकात तो मंदिरात असतानाच काढून ठेवलेले छायाचित्र पुराव्यास आले, आणि २०१४ साली तो परत मिळाला. ज्या गावांत असे छायाचित्र कोणी काढून ठेवलेले नव्हते, त्यांच्या मूर्ती आमच्याच हे सिद्ध करण्यास गावाजवळ केवळ अश्रू होते. चोरीच्या वस्तूची ओळख पटावी म्हणून जगभर मान्य झालेला एक नमुना आहे, त्यात द्रव्य, मापे, लेख, विशेष खुणा, काळ असे मोजके रकाने असतात. तुटलेली करंगळी, कानामागचा ओरखडा, पाठीवरचे छिन्नीचे घाव ह्यांना त्यात मुखापेक्षा जास्त किंमत. माझे म्हणणे इतकेच की नोंद सर्वांची करावी, जालावर सर्वच मांडू नये. सोन्याचांदीचे व उघड्यावरचे जे आहे त्याचे नेमके स्थळ बंद वहीत ठेवावे आणि बाहेर फक्त तालुका सांगावा. १९७२च्या पुरावस्तूविषयक कायद्याने शंभर वर्षांवरील वस्तू व पंचाहत्तर वर्षांवरील हस्तलिखिते पुरावस्तूंत गणली असून, त्यांतील काही प्रकारांची नोंदणी आवश्यक केली आहे, हेही घरमालकास समजावून सांगावे लागते. नाहीतर नोंदवही घेऊन आलेला मनुष्य म्हणजे जप्तीचा शिपाईच, असा समज होऊन पेटीचे कुलूप दुप्पट घट्ट होते.

दुसरी हरकत सुशिक्षितांची: हे सगळे वाचणार कोण? ह्याचे उत्तर मराठवाड्याने २०२३च्या अखेरीस स्वतःच दिले. आरक्षणाच्या प्रश्नावरून कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, न्यायमूर्ती शिंदे समितीने हैदराबादेपर्यंतचे दप्तर धुंडाळले, आणि जिल्ह्याजिल्ह्यांच्या शासकीय संकेतस्थळांवर जुन्या नोंदवह्यांच्या प्रती चढल्या. त्या वादाच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे कारण नाही. परंतु मोडीतील जन्ममृत्यूच्या वह्या, उर्दूतील पत्रके, खासरा पत्रके ह्यांची पाने शेतकऱ्यांची पोरे चावडीवर बसून दूरध्वनीच्या पडद्यावर बोटांनी मोठी करून पाहत आहेत, आणि मोडीच्या जाणकाराला लग्नसराईतल्या भटजीइतकी मागणी आली आहे, हे दृश्य ज्यांनी पाहिले, त्यांनी ‘वाचणार कोण’ हा प्रश्न पुन्हा विचारू नये. आपल्या आजोबांचे नाव ज्या कागदावर असण्याचा संभव आहे, तो कागद कोणत्याही लिपीत असला तरी लोक वाचतात. खेद एवढाच की त्या घाईत चढलेल्या पानांचे वर्णन कोणी लिहिले नाही. कित्येक ठिकाणी शेकडो पानांची एकेक जड संचिका, तीत ना गावाची अनुक्रमणिका, ना शोधण्याची सोय.

भाषेचा मुद्दा ह्यालाच लागून आहे. आपल्या संग्रहालयांची जी थोडीबहुत माहिती जालावर आहे, ती बहुशः इंग्रजीत. आम्सटरडॅमच्या राइक्स संग्रहालयाने २०१२ पासून आपल्या चित्रांच्या उत्तम प्रती कोणालाही मुक्तपणे वापरू दिल्या, वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियनने २०२० साली तोच मार्ग धरला. ह्या थोरांचे अनुकरण करताना आपण त्यांचे औदार्य सोडून त्यांची भाषा तेवढी उचलली. चित्रावर भला मोठा जलचिन्हाचा शिक्का, आणि खाली जेथून वस्तू आली तेथल्या माणसाला न समजणारी ओळ, असा आमचा खाक्या. वास्तविक विकिमीडिया कॉमन्ससारखे सार्वजनिक भांडार मुक्त परवान्याखाली छायाचित्रे फुकट ठेवून घेते, त्यास मराठी वर्णन चालते, आणि मराठी विकिपीडिया २००३ पासून आहे; स्वतःच्या संकेतस्थळाचा खर्च न झेपणाऱ्या संस्थेस हा मार्ग पुरेसा आहे. मात्र घरातील पत्रव्यवहार द्यावयाचा, तर लेखकाचा हक्क अजून चालू आहे की नाही हे १९५७च्या स्वामित्वहक्क कायद्यानुसार आधी पाहावे, आणि वारसांची लेखी संमती वहीत चिकटवून ठेवावी. तोंडी संमती भावकीच्या पहिल्या भांडणात वाहून जाते.

तेव्हा वसमतसारख्या गावाने काय करावे? संग्रहालयाच्या इमारतीची मागणी करू नये, असे मी म्हणत नाही. पण तिची वाट पाहत बसू नये. तालुक्याची फेरिस्त करण्यास इमारत लागत नाही. गावात बहिर्जी स्मारक महाविद्यालय आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात प्राण वेचलेल्या, ह्याच तालुक्यातील वापटीच्या बहिर्जी शिंद्यांचे नाव ते चालविते. अशा महाविद्यालयातील इतिहासाच्या विद्यार्थ्यांना दर वर्षी एकेक गाव वाटून दिले, आणि प्रत्येकाने पंचवीसच वस्तूंच्या, पण पुऱ्या नोंदी केल्या, तर काही वर्षांत जे दप्तर उभे राहील ते कोणत्याही मंत्रालयाच्या प्रणालीत जसेच्या तसे रुजू करता येईल. त्यांत केवळ देवदेवता नि राजेरजवाडे नकोत. हळद शिजविण्याच्या लोखंडी काहिली वाफेच्या यंत्रांपुढे मागे पडत आहेत. हातांनी फिरवावयाचे पॉलिशचे ढोल, तिफणी, मोटेचे नाडे ह्यांची वाट भंगाराकडे लागली आहे. ह्या वस्तू शंभर वर्षांच्या झालेल्या नाहीत म्हणून कायद्याने त्या पुरावस्तू नव्हेत. पण ज्या हळदीचे भौगोलिक मानांकन आपण मिरवितो, ती तयार करण्याची जुनी रीत कशी होती, ह्याचा पुरावा त्यांच्याखेरीज दुसरा कोणता?

संकेतस्थळाचे भाडे भरावयास कोणी विसरले की ते वर्षाअखेर नाहीसे होते, ही गोष्ट हौसेने सुरू झालेल्या अनेक उपक्रमांनी अनुभवलेली आहे. म्हणून मूळ वही कागदावर, बांधीव, पाने मोजून शिक्का मारलेली असावी. तिची एक छापील प्रत महाविद्यालयात, एक नगरपरिषदेत, आणि संगणकीय प्रती दोन निरनिराळ्या गावी. वहीचा ताबा कोणाकडे, हे पदाच्या नावाने ठरवावे, व्यक्तीच्या नव्हे, आणि बदली झाली की चार्ज देताना तिची पाने मोजून सही घ्यावी.

कामाचा क्रम लावताना वस्तूच्या वयापेक्षा ती ज्याला ठाऊक आहे त्याचे वय पाहणे मला इष्ट वाटते. वीरगळ आणखी दहा वर्षे उभा राहील. परंतु रझाकारांच्या दिवसांत धान्याची कणगी कोठे पुरली होती, संस्थानाच्या सरहद्दीपलीकडच्या मुक्तिसंग्रामाच्या शिबिरांतून कोण कोणाचा निरोप घेऊन येई, आणि घरातली ती पितळी पेटी कोणाची, हे स्वतः पाहिलेले सांगू शकणारी माणसे आता नव्वदीच्या घरात आहेत. दिवाळीच्या सुटीपासून जानेवारीत हळदीची काढणी लागेपर्यंत खेड्यांतून थोडी सवड असते, महाविद्यालयांच्या परीक्षाही मध्येच आटोपतात. ह्या मुदतीत वापटी, कुरुंदा, गिरगाव एवढीच गावे घेतली तरी चालण्यासारखे आहे.